बागलाणचे दोन डोंगर आणि बुटांची एक जोडी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डांगच्या जंगलांना पाठ लावून बागलाण तालुका वसला आहे. सटाणा हे त्याचे मुख्य गाव. सटाण्याहून ताहाराबादची वाट धरली की कांद्याच्या आणि डाळिंबाच्या शेतांमागे सेलबारी आणि डोलबारी या डोंगररांगा हळूहळू वर येऊ लागतात. यांतील दोन डोंगर जैन कुटुंबांच्या प्रवासात अलीकडे एकाच फेरीत येतात. पहिला मांगी-तुंगी. तेथे पिढ्यान्‌पिढ्या दर्शनाला जाणे होते. दुसरा साल्हेर. तेथे घरातील तरुण मुले आग्रहाने नेतात. पहिल्या डोंगरावर पादत्राण पायथ्याशी ठेवून चढायचे असते आणि दुसऱ्यावर पादत्राणाखेरीज पाऊल टाकणे धोक्याचे असते. त्यामुळे या फेरीला निघण्यापूर्वी घराघरात एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे बूट कोणता घ्यावा. प्रश्न दिसतो किरकोळ. परंतु त्यात आचार, आरोग्य आणि हिशेब या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

अनवाणी पावलांची वाट

मांगी आणि तुंगी ही एकाच धारेवर उभी असलेली दोन कातळशिखरे. दोन्हींची उंची १३०० मीटरहून अधिक. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र मानले जाते. श्रीराम, हनुमान, सुग्रीव आदी महापुरुषांसह नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. शिखरांच्या पोटात कोरलेल्या गुंफांतून तीर्थंकरांच्या प्रतिमा आणि मुनींच्या चरणपादुका आहेत. डोंगराच्या अखंड कातळातून घडविलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ साली झाली आणि तेव्हापासून पायथ्याच्या भिलवाड गावी यात्रेकरूंची वर्दळ वाढली.

वर जाण्यासाठी काही हजार पायऱ्या आहेत. श्रद्धाळू यात्रेकरू पहाटेच्या गारव्यात अनवाणी चढू लागतात. वयस्कर मंडळी कापडी मोजे घालतात, काही जण डोलीचा आधार घेतात. सूर्य माथ्यावर येईतो पायऱ्यांचा दगड तापतो, म्हणून उतरण्याची घाई होते. हजारो पायऱ्या चढून उतरलेले पाऊल सकाळच्या पावलासारखे राहत नाही. ते सुजते, रुंदावते आणि तळव्याला हुळहुळे होते. पायथ्याशी सोडलेल्या बुटात ते परत घालताना तो बूट मापाचा घेतला होता की केवळ नंबर पाहून, हे तत्काळ कळते. बुटाची पहिली परीक्षा अशी अनवाणी डोंगरावरूनच सुरू होते.

घसाऱ्याची वाट

साल्हेरचा स्वभाव निराळा. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. शिखर म्हणून पाहिले तर कळसूबाईखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. १६७२ साली याच्या पायथ्याच्या मैदानात मराठ्यांनी मोगलांचा उघड्या रणात पराभव केला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजा येथे लढल्या, सूर्याजी काकडे येथेच पडले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत साल्हेरचे नाव आहे.

वाघांबे गावाकडून चढणारी वाट प्रथम साल्हेर आणि सालोटा यांमधील खिंडीत येते. तेथून कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे, पुढे कड्याला धरून जाणारी अरुंद आडवी वाट आणि गुहांची रांग लागते. वर गंगासागर तलाव आणि अगदी माथ्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर. त्या मंदिरातही पूजा पादुकांचीच. दोन डोंगरांच्या दोन परंपरा, पण दोन्ही माथ्यांवर माणूस नतमस्तक होतो तो पावलांच्या खुणांपुढे.

या वाटेवर पावलाखाली तीन प्रकारची जमीन येते. पहिला प्रकार कोरड्या कातळाचा. तो काळा बेसाल्ट खरखरीत असतो आणि चांगल्या रबराला घट्ट धरतो. दुसरा घसाऱ्याचा. मुरूम आणि बारीक खडी उतारावर सैल पसरलेली असते आणि पावलासह खाली सरकते. तिसरा वाळलेल्या गवताचा. दिवाळीनंतर ते आडवे पडते आणि उतरताना तेलासारखे निसटते. पावसाळ्यात यात शेवाळाची भर पडते. मात्र चातुर्मासात प्रवास आवरता घेण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. हिरवळीवर आणि चिखलात जीवांची दाटी असते, हे त्यामागचे कारण. म्हणून या कुटुंबांचा डोंगरहंगाम बहुधा कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू होतो, आणि बूट निवडताना चिखलापेक्षा घसाऱ्याचा विचार अधिक करावा लागतो.

मुनींच्या आचारात ईर्यासमितीचा नियम आहे. पुढची चार हात जमीन पाहून, जीव सांभाळून पाऊल टाकावे, असे तो सांगतो. घसाऱ्यावर उतरणाऱ्याला गावातला वाटाड्याही याहून वेगळे सांगत नाही. नजर पुढच्या चार हातांवर, पाऊल लहान, भार टाचेवर न टाकता पूर्ण तळव्यावर. उत्तम बूटसुद्धा या सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. तो सावधपणाला साथ तेवढी देतो.

‘शुद्ध लेदर’ आणि शुद्ध चौकशी

बुटाच्या दुकानात एक गमतीचा प्रसंग नेहमी घडतो. दुकानदार अभिमानाने म्हणतो, “शेठ, शुद्ध लेदर आहे.” त्याच्या दृष्टीने ही मालाची सर्वांत मोठी स्तुती. जैन ग्राहकाच्या दृष्टीने बूट परत ठेवण्याचे तेवढे एकच कारण. पण पुष्कळदा तोच ग्राहक बाहेरून कापडी दिसणारी जोडी निर्धास्तपणे घेऊन जातो आणि तिच्या नाकावर, टाचेवर किंवा आतल्या अस्तरात मऊ कातड्याचा तुकडा असतो. गिर्यारोहणाच्या बुटांत हे फार आढळते. ‘स्वेड’ आणि ‘नुबक’ ही नावे कापडाची वाटतात, पण दोन्ही कातडीच आहेत. लव काढलेले आणि घासून मऊ केलेले, इतकाच फरक.

व्यापारी माणसाला माल पारखणे शिकवावे लागत नाही. फक्त कोठे पाहावे, हे ठाऊक असावे लागते. पहिली जागा म्हणजे कापलेली कड. नाडीच्या भोकांजवळ किंवा जिभेच्या टोकाला कड उघडी असते. कातड्याची कड तंतुमय आणि असमान दिसते. कृत्रिम पदार्थाची कड एकसारखी असते आणि तिच्या पाठीला विणलेले कापड किंवा एकजीव थर दिसतो. दुसरी जागा म्हणजे खूणचिठ्ठी. युरोपच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर आणि तळ यांच्यासाठी स्वतंत्र चिन्हे छापणे १९९० च्या दशकापासून बंधनकारक आहे. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, त्या आकृतीत चौकट म्हणजे लेप दिलेले चामडे, जाळी म्हणजे कापड आणि नुसता तिरपा चौकोन म्हणजे इतर पदार्थ. अनेक कंपन्या भारतात येणाऱ्या जोड्यांवरही हीच चिन्हे ठेवतात.

मात्र या चिन्हांचा नियम बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्या त्या भागाचा किमान ८० टक्के हिस्सा ज्या पदार्थाचा असेल, त्याचे चिन्ह लावता येते. म्हणजे तिरप्या चौकोनाच्या बुटातही उरलेला थोडा हिस्सा कातड्याचा असू शकतो. चिकटवण्यासाठी वापरलेला डिंक कशाचा, हे तर चिन्हावरून कळतच नाही. आज बहुतेक कारखान्यांत कृत्रिम डिंक वापरतात, तरी ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी कंपनीकडे लेखी विचारणा करावी, हा सरळ मार्ग आहे. ज्या बुटावर प्राणिज पदार्थ नसल्याचे कंपनी स्वतः स्पष्ट छापते, तो निवडणे त्याहून सोपे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. चांगल्या चामड्याचा बूट निगा राखल्यास फार वर्षे टिकतो आणि झिजलेला तळ बदलून घेता येतो. स्वस्त कृत्रिम चामडे मात्र एक-दोन हंगामांत पापुद्रे सोडू लागते आणि सारी जोडी कचऱ्यात जाते. तो कचरा कुजत नाही. जीवदयेसाठी घेतलेली जोडी दर वर्षी उकिरड्यावर जात असेल, तर त्या दयेचा हिशेब अपुराच राहतो. म्हणून चामडे टाळणाऱ्यावर टिकाऊपणा पारखण्याची जबाबदारी दुप्पट येते. घट्ट विणीचे जाड नायलॉन आणि दर्जेदार मायक्रोफायबर हे पदार्थ या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. चकचकीत रेक्झिन उतरत नाही.

तळ, दाते आणि शिवण

डोंगरी बुटाचे मर्म त्याच्या तळाशी असते. पूर्वी युरोपातील गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट घालत आणि कड्यावर चढताना हलके कापडी जोडे बदलत. १९३५ साली आल्प्समध्ये एका मोहिमेत वादळात सापडून सहा जण दगावले. त्या मोहिमेतील इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी या दुर्घटनेनंतर एकाच बुटात पकड आणि संरक्षण दोन्ही मिळावे म्हणून खोल दात्यांचा रबरी तळ तयार केला. १९३७ साली तो बाजारात आला आणि त्यांच्याच नावावरून त्याला ‘व्हिब्रम’ हे नाव पडले. आजचे बहुतेक डोंगरी तळ त्या कल्पनेचेच वारसदार आहेत.

घसाऱ्यासाठी दाते चार ते पाच मिलिमीटर खोल असावेत आणि त्यांच्यात मोकळी जागा असावी, म्हणजे माती अडकून तळ सपाट होत नाही. टाचेच्या मागच्या कडेला आडवे दाते असले तर उतारावर ते लगामाचे काम करतात. रबर मऊ असेल तर कातळावर पकड चांगली, पण शहरातील डांबरी रस्त्यावर ते लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ टिकते, पण ओल्या फरशीवर घसरते. रोज वापरायची आणि डोंगरावरही न्यायची अशी एकच जोडी हवी असेल, तर मध्यम रबर पत्करावे. नखाने दाबल्यावर किंचित दबून लगेच वर येणारे रबर साधारण या जातीचे असते.

बूट दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाऊलही तेथेच वाकते. मधोमध दुमडणारा बूट दगडांवर तळव्याला आधार देत नाही. फडके पिळावे तसा सहज पिळला जाणाराही नको.

तळ वरच्या भागाला केवळ चिकटवलेला असेल, तर तो ऐन डोंगरावर उकलण्याची भीती असते. सह्याद्रीत फिरणारी जुनी मंडळी नवी जोडी घेतल्यावर प्रथम मोचीकडे जातात आणि तळाच्या कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिवण घालून घेतात. खर्च अगदी थोडा, पण त्या शिवणीने बुटाचे आयुष्य वाढते आणि कड्यावर फजिती टळते. पाणी न शिरणाऱ्या पडद्याचे महागडे बूट कोरड्या हंगामात फिरणाऱ्याला गरजेचे नाहीत. आपल्याकडच्या मुसळधार पावसात पाणी वरून, घोट्याकडून आत शिरते आणि तोच पडदा मग ते बाहेर जाऊ देत नाही.

जवाचा दाणा आणि संध्याकाळचे माप

भारतात बुटाचे नंबर बहुधा इंग्रजी पद्धतीचे असतात. त्या पद्धतीत एका नंबरातून दुसऱ्यात जाताना लांबी एक तृतीयांश इंचाने वाढते. हे माप मुळात जवाच्या एका दाण्याचे. मिलिमीटरमध्ये ते साडेआठ भरते. युरोपीय नंबरांतील अंतर याहून कमी, पावणेसात मिलिमीटरच्या आत असते. म्हणजे ‘एक नंबर इकडेतिकडे’ म्हणून जे सोडून दिले जाते, ते बोटांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचे साचे वेगळे. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठाशी जुळेलच असे नाही.

म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभे राहून पाऊल त्याच्या खऱ्या आकाराला आलेले असते. डोंगरावर जे मोजे घालायचे तेच दुकानात घालून जावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या त्वचेवर फोड येतात, त्यासाठी नायलॉनमिश्रित मोजे बरे. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते, तेव्हा माप मोठ्या पावलाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी आणि टाच मात्र जागची हलू नये. दुकानात उतरती फळी किंवा जिना असेल तर त्यावरून चार वेळा खाली यावे. उतरताना बोटे पुढे आदळत असतील तर तो बूट साल्हेरवरून परतताना नखे काळीनिळी करणार, हे नक्की. निघण्यापूर्वी नखे कापणे आणि उतरणीच्या आधी नाडी घोट्याजवळ पुन्हा आवळणे, या दोन सवयींनी अर्धा त्रास टळतो.

दिवसातून दहा वेळा काढायचा बूट

व्यापारी घरातील बुटाचे जीवन इतरांहून निराळे असते. सकाळी मंदिर, मग पेढी, तेथे गादीवर बसण्यापूर्वी पुन्हा पादत्राण बाहेर, दुपारी घरी जेवायला, संध्याकाळी प्रवचन. दिवसातून आठ-दहा वेळा बूट काढला आणि घातला जातो. नाडी सोडण्याचा कंटाळा येतो आणि मग टाच चेपून बूट चपलेसारखा ओढला जातो. या घरांतले बूट झिजून मरत नाहीत, ते टाच मोडून मरतात. टाचेचा आतला कडक कप एकदा दुमडला की तो पुन्हा उभा राहत नाही. अशा बुटात टाच हलते, फोड येतात आणि उतारावर घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. टाचेमागे ओढण्याचा पट्टा असलेली आणि नाडी एका खटक्यात सैल होणारी जोडी घ्यावी. दाराशी एक शूहॉर्न टांगून ठेवावा. घोट्याच्या वरपर्यंत येणारा उंच बूट जड ओझे वाहणाऱ्यासाठी ठीक. रोजच्या वापरासाठी आणि एका दिवसाच्या डोंगरासाठी घोट्याला स्पर्श करणारा मध्यम उंचीचा बूट पुरतो. रंग गडद आणि साधा असला म्हणजे पेढीवर तो डोळ्यांत खुपत नाही. दुकानात दिवसभर फरशीवर उभे राहणाऱ्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला या बुटाचा जाड, लवचीक तळ फार सुख देतो. हा लाभ तर डोंगरावर न जाणाऱ्यालाही मिळतो.

जपून ठेवलेले आधी तुटते

अनेक घरांत चांगला बूट ‘यात्रेसाठी’ म्हणून खोक्यात घालून माळ्यावर ठेवण्याची पद्धत आहे. तीन-चार वर्षांनी तो काढावा, वरून नवा कोरा दिसावा आणि चढाला लागताच त्याचा तळ भाकरीसारखा मोडून हातात यावा, असे घडते. लोक दोष कंपनीला देतात. पण कारण बहुधा रासायनिक असते. पुष्कळ बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाने त्याची घडण वर्षानुवर्षे आतून सुटत जाते आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवा आणि बंद खोके ही क्रिया वाढवतात. बूट नियमित वापरात असेल तर पावलाच्या दाबाने थर हलता राहतो, आतली ओल निघून जाते आणि तो अधिक टिकतो, असा पादत्राणे बनवणाऱ्यांचा अनुभव आहे. दुसऱ्या प्रकारचा, ईव्हीए नावाचा हलका थर असा विरघळत नाही, पण वापराने तो दबतो आणि त्याचा मऊपणा ओसरतो.

या साध्या वस्तुस्थितीत व्यवहाराचे मोठे तत्त्व आहे. साठवलेला माल पडून सडतो, फिरता माल टिकतो, हे पेढीवर बसणाऱ्याला कोणी सांगायला नको. दिखाव्याची एक, यात्रेची एक, सकाळी फिरायची एक आणि डोंगराची एक अशा चार जोड्या ठेवण्यापेक्षा पारखून घेतलेली एकच जोडी रोज वापरणे शहाणपणाचे. अपरिग्रह हा शब्द प्रवचनात वारंवार ऐकू येतो. दाराजवळच्या चपलांच्या कपाटात तो किती उतरला आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

निगा मात्र राखावी लागते. डोंगरावरून आल्यावर तळातली माती मऊ ब्रशने, जीव दुखावणार नाहीत अशा बेताने झाडावी. बूट ओला झाला असेल तर आतला सोल काढून, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. आतला सोल वर्ष-दोन वर्षांनी बदलला तर जोडी पुन्हा नव्यासारखी वाटते. आणि कोणत्याही यात्रेपूर्वी दोन आठवडे ती जोडी रोज पायात असावी. नवा बूट थेट डोंगरावर नेणे म्हणजे अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देणे.

बागलाणच्या फेरीला निघणाऱ्या कुटुंबांनी पहिल्या दिवशी पहाटे मांगी-तुंगीचे दर्शन घ्यावे, दुपारी पावलांना पूर्ण विश्रांती द्यावी आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच साल्हेरची वाट धरावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम असणाऱ्यांनी परतीचा वेळ चढण्याआधीच ठरवावा, कारण घसाऱ्यावरचे बहुतेक अपघात उतरताना आणि घाईत होतात. सोबत वाघांबे किंवा साल्हेरवाडीतला वाटाड्या घ्यावा, पुरेसे गाळलेले पाणी घ्यावे, मोज्यांची एक कोरडी जोडी पिशवीत टाकावी. बुटांची दुसरी जोडी न्यावी लागणार नाही.